फुलस्टॉप मॅडम

अर्धं वाक्य त्यांना चालत नसे. कोणी वर्गाच्या दारात उभं राहून "मॅडम, पाणी," असं म्हटलं, की त्या खडू खाली ठेवून विचारायच्या, "पाणी काय? पाणी सांडलं, पाणी संपलं, की पाणी प्यायचं आहे?" मग ते पोरगं तहान विसरून कर्ता आणि क्रियापद जुळवत उभं राही. वाक्य पुरं झालं की त्या हवेत बोटाने एक टिंब ठेवायच्या आणि जाऊ द्यायच्या. आठवडाभरात शाळेने त्यांचं नाव फुलस्टॉप मॅडम ठेवलं.

आमचं गाव पारोळा आणि धुळ्याच्या मधलं, हमरस्त्यापासून आत. मॅडम रोज धुळ्याहून स्कूटीवर यायच्या, डोक्यावर हेल्मेट घालून. गावात हेल्मेट घालणारं दुसरं माणूस नव्हतं. पहिल्याच दिवशी पारावरून कोणीतरी हसत म्हणालं, "मॅडम, आठे पोलीस नही शे." त्यांनी गाडी थांबवली आणि शांतपणे विचारलं, "पन डोकं शे ना, भाऊ?" पारावरचं हसू तिथेच थांबलं. शहरातली बाई आपल्या अहिराणी बोलीत उत्तर देईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

त्या धुळ्यातल्या एका बौद्ध वस्तीत वाढलेल्या. स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, "मी नववीत होते. आमच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, इंग्रजी शिकून तू काय करणार? तेव्हा मी उत्तर दिलं नाही. एम. ए. झाले आणि पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले."

आठवीत त्यांनी आम्हाला इंग्रजीतले वाक्याचे प्रकार शिकवले. आधीच्या सरांनी चार व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या होत्या. असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह, एक्स्क्लमेटरी. आम्ही त्या पाठ केल्या होत्या आणि कशाचाच अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. मॅडमनी ते पान बंद करायला लावलं. "आज घरी जा आणि कान उघडे ठेवा. तुम्हाला उद्देशून बोललेली दहा वाक्यं लिहून आणा. जशी बोलली तशी, अहिराणीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही एकेक वाक्य उठून वाचलं आणि मॅडम ते फळ्यावर ज्याच्या त्याच्या रकान्यात टाकत गेल्या. माझ्या दहांपैकी नऊ वाक्यं एकाच रकान्यात गेली, इम्परेटिव्हच्या, म्हणजे आज्ञेच्या. पानी लई ये. भांडा घस. गुपचूप बस. बाकीच्या मुलींचंही तेच. मुलांच्या वह्यांत मात्र निरनिराळी वाक्यं होती. जेवना का? पेपर कसा गया? फळा भरला तेव्हा आज्ञार्थी रकान्यात मुलींची वाक्यं मावेनात. मॅडम भाषण देत बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वाक्यं चार प्रकारची असतात. कोणीही एकाच प्रकारावर जन्म काढायचा नाही."

हेडसरांना हे अहिराणी प्रकरण आवडलं नाही. त्यांनी वर्गाच्या दारातच मॅडमना गाठलं. "इंग्रजीच्या तासाला अहिराणी? पालक काय म्हणतील?"

"जे म्हणतील ते अहिराणीतच म्हणतील, सर," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर प्रश्नार्थी वाक्याचा धडा आला. पुस्तकातले प्रश्न मॅडमना पसंत नव्हते. "व्हॉट इज युवर नेम? नाव माहीत असलेल्याला नाव विचारायचं, हा कसला प्रश्न? ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही, असा एक प्रश्न इंग्रजीत लिहून आणा."

एकाने विचारलं, तारे खाली का पडत नाहीत. एकीने विचारलं, माझी आई सगळ्यांच्या शेवटी का जेवते. मी लिहिलं, "व्हाय इज अवर टॉयलेट लॉक्ड?"

आमच्या शाळेत मुलींसाठी बांधलेला संडास होता. त्याला कुलूप होतं आणि किल्ली हेडसरांच्या कपाटात. कोणी साहेब येणार असले की तो धुऊन उघडत. आम्ही मुली सकाळपासून पाणी पीत नसू. पाळी आली की चार दिवस घरीच. हजेरीपटावर ते दिवस नुसते गैरहजर म्हणून लागत, कारण कोणी विचारत नसे.

मॅडमनी सगळे प्रश्न कोऱ्या कागदांवर उतरवून घेतले, नावं न टाकता, आणि व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकावर लावले. दुपारी हेडसर आले. माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हा काढा."

"वाक्यात चूक आहे का, सर? असेल तर मी दुरुस्त करते."

"चूक वाक्यात नाही."

"मग राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

चार दिवसांनी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव तालुक्याहून आले. थेट आमच्या वर्गात आले आणि तो कागद हातात धरून त्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मॅडम माझ्याकडे पाहतही नव्हत्या. म्हणाल्या, "प्रश्न विचारायला मी शिकवलंय, साहेब. जे काही असेल ते मला बोला."

"मी मुलांना विचारतोय."

"मुलांनीही काहीतरी विचारलंय. त्यांचा नंबर आधीचा आहे."

कागदाची घडी करून सचिवांनी तो खिशात घातला आणि ते गेले. मी उठले नाही, नाव सांगितलं नाही. माझ्या बाकापासून मॅडम चार पावलांवर एकट्या उभ्या होत्या, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "तू चार दिन घर ऱ्हास, ते यानासाठे?" एवढंच विचारलं तिने. मी मान हलवली. माझी आई तोवर कधी शाळेत आली नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी बायांना घेऊन आली आणि कपाळापर्यंत पदर ओढून हेडसरांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"पोरीसना संडासले कुलूप काबर लायेल शे?"

तोच प्रश्न. या वेळी अहिराणीत. आणि इंग्रजीच्या तासाला अहिराणी नको म्हणणारे हेडसर उठून उभे राहिले आणि अहिराणीतच म्हणाले, "अक्का, चावी सापडत नही व्हती."

"आते सापडनी का?" आईने विचारलं.

किल्ली सापडली. कुलूप त्याच आठवड्यात उघडलं. किल्ली नववीच्या मुलींकडे राहू लागली आणि आम्ही डब्याबरोबर पाण्याची बाटली आणायला लागलो.

महिन्याच्या आत मॅडमच्या बदलीचा आदेश आला. साक्रीच्या पलीकडे संस्थेची शाखा होती, तिथे. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. शेवटच्या दिवशी आम्हाला वाटलं, आज त्या शिकवणार नाहीत. त्यांनी पूर्ण तास घेतला आणि वर गृहपाठही दिला.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, हे तपासणार कोण?"

"तपासायला कोणी नाही म्हणून लिहायचं थांबवायचं नसतं," त्या म्हणाल्या, हेल्मेट घातलं आणि निघाल्या. तो गृहपाठ आम्ही सगळ्यांनी केला. कोणीच तपासला नाही.

मी पुढे जळगावला शिकले. आता तिथल्याच पिंप्राळ्यात राहते आणि एका दवाखान्याची लॅब सांभाळते. इतकी वर्षं एक गोष्ट मनात सलत होती. गेल्या हिवाळ्यात धुळ्याला काम निघालं, तेव्हा पत्ता शोधत मॅडमच्या घरी गेले. केस पिकले होते, गुडघे दुखत होते. टेबलावर कागदांची जाडजूड फाइल होती. बदलीविरुद्ध त्यांनी दाद मागितली होती, हरल्या होत्या, वरच्या कोर्टात अपील केलं होतं. ते अजून चालूच होतं.

"पण मॅडम, आता तर तुम्ही रिटायर झालात."

"आदेश चुकीचा होता. मी रिटायर झाले म्हणून तो बरोबर होत नाही."

त्यांनी चहा केला. कप हातात घेऊन मी शेवटी बोलले. "मॅडम, तो कागद माझा होता. मी उठले नाही. माझ्यामुळे तुमची बदली झाली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चुकीचं वाक्य ऐकल्यावर बघायच्या तसंच. मग म्हणाल्या, "बदली संस्थेने केली. तेरा वर्षांच्या मुलीने नाही. कर्ता नीट लाव."

त्यांनी घड्याळ पाहिलं, फाइल काखेत घेतली आणि म्हणाल्या, "साडेअकराला वकिलांकडे जायचंय. पुढच्या तारखेची तयारी आहे. येतेस?"

जळगावची माझी बस बाराची होती. मी रिक्षा थांबवली, त्यांच्या काखेतली फाइल माझ्याकडे घेतली आणि त्यांच्या शेजारी बसले.