शेगडीवरचे दशावतार

विष्णूचे दहाही अवतार मी एका दुपारी शेगडीवर वाळत घातले होते. अवतार म्हणजे दशावतारी गंजिफा, हातांनी रंगवलेली खेळायची गोल पानं, एकशे वीस; प्रत्येक अवताराची बारा, त्यांत एक राजा आणि एक वजीर. त्या माझ्या नव्हत्या, काकूच्या होत्या.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि पत्त्यांतला जाणकार म्हणून (मुख्यतः माझ्याच तोंडून) प्रसिद्ध होतो. नवा कॅट हातात आला की मी तो वाकवायचा, पिसायचा, कानाशी फर्रकन सोडायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "कागद हलका आहे." समोरचा गप्प बसायचा, कारण त्याला खेळायचं असायचं.

माझे काका वडगावच्या कचेरीतून निवृत्त होऊन तिथेच राहिलेले. काकूचं माहेर सावंतवाडीकडचं, त्यामुळे गंजिफा तिच्या अंगातच. रोज दुपारी काका, काकू आणि शेजारचे तांबोळीमामा असा तिघांचा डाव बसायचा. पण काकूची नजर जायला लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अजून वर्षभर कसंबसं दिसेल, पुढचं सांगवत नाही. ते ऐकल्यावर काकांनी तिच्या माहेरच्या चिताऱ्याकडून मुद्दाम गंजिफा करून घेतल्या. नेहमीपेक्षा मोठ्या, पिवळ्याधमक, चित्रं ठसठशीत. तिला दिसतंय तोवर खेळता यावं, एवढाच हेतू. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असून जो माणूस गाढवपणा करतो त्याला काय म्हणावं?

पार्सल लोणावळ्याला माझ्याकडे उतरलं. काका घ्यायला आले आणि कौतुकानं म्हणाले, "बापू, तू जाणकार. बघ बरं कशा झाल्यात."

झालं! मी पानं खिडकीशी नेली. मत्स्य जरा पोट सुटल्यासारखा वाटतो म्हणालो. वामनाची छत्री वामनाहून मोठी आहे म्हणालो. रंग भडक आहे म्हणालो. (तो तिच्यासाठीच भडक होता.) मग पानं हातात सरकवून पाहिली, तर श्रावणातल्या लोणावळ्याची हवा लागून ती चिकटत होती. "रूपाचं सोडा," मी निकाल दिला, "पण हाताला सफाई नाही. दोन दिवस माझ्याकडे ठेवा, सरळ करून देतो." काकांचा चेहरा एवढासा झाला. ते पेटी ठेवून गेले.

आता आमच्याकडे पावसाळ्यात ओलं काही वाळवायची एकच रीत. शेगडीत निखारे, वर पालथं बांबूचं डालगं, डालग्यावर कपडे. मुलांची दुपटी, माझे सदरे, एकदा तर साहेबाचं रजिस्टरसुद्धा मी असं वाळवलं होतं. मी पानं डालग्यावर मांडायला घेतली. बायकोनं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली की अहो, त्यावर लाख दिलेली असते, बांगड्यांची असते तीच. मी तिला मंद आच म्हणजे काय ते समजावून सांगितलं. डालग्यावर जागा पुरेना म्हणून एकावर एक तीन थर लावले आणि शेजाऱ्याकडे चहाला गेलो. तिथे पत्त्यांवर बोलायचा विषय निघाला (मीच काढला), त्यामुळे तासभर गेला.

परत आलो तर घरात वितळलेल्या लाखेचा वास. डालग्यावर अवतार एकमेकांना बिलगून बसले होते. मी घाबरून दोन पानं ओढली, तर रामाचा चेहरा निघून परशुरामाच्या पाठीवर गेला. गरम आहे तोवर सुटत नाही, गार झालं की सुटेल, असा शास्त्रीय विचार करून मी सगळा ऐवज थंड पाण्याच्या घंगाळात टाकला. आतली चिंध्यांची आणि चिंचोक्याच्या खळीची पानं पाणी पिऊन टम्म फुगली. बायकोनं शेगडीतले निखारे विझवले.

दुसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन गाडीनं वडगावला गेलो. काकू दारातच बसली होती, शेजारी काका आणि तांबोळीमामा. तिनं पेटीचं झाकण सरकवलं, हाताला लागला तो गोळा उचलून डोळ्यांपाशी नेला आणि विचारलं, "हा कोण रे?"

"काकू, हे बारा-तेरा जण आहेत."

ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. तांबोळीमामा म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, लय गर्दी झाली व्हती बिचाऱ्यांची." काका मात्र हसले नाहीत. उठून परसात गेले. मी मागोमाग गेलो. माफी कशी मागावी ते सुचेना, म्हणून मी दुसऱ्या गंजिफा मागवतो म्हणालो.

काका केळीकडे बघत म्हणाले, "तिला अजून दिसतंय, बापू. तोवर हव्या होत्या."



शेवटी काकांनीच चिताऱ्याला पुन्हा लिहिलं. म्हातारा एकटा माणूस, एकशे वीस पानं, त्याला जवळजवळ वर्ष लागलं. पानं आली, पहिल्यांपेक्षा सुरेख. तोपर्यंत काकूला फक्त उजेड-अंधार कळायचा. काकांनी पेटी तिच्या मांडीवर ठेवली, तिनं एकेका पानावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "गुळगुळीत झाल्यात." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पळालो नाही. दर रविवारी लोणावळ्याहून वडगावला जायचं, काकूच्या मागे बसायचं आणि तिच्या हातातली पानं तिच्या कानात सांगायची, हे काम मी अंगावर घेतलं. माझी कुजबूज मालधक्क्यावर तयार झालेली, त्यामुळे काकूच्या हातात काय आहे ते तांबोळीमामांना आणि बहुधा स्टेशनमास्तरलाही कळायचं. काकू सलग चार रविवार हरली, पण तक्रार केली नाही.

पाचव्या रविवारी मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "काकू, नरसिंहाचा वजीर. त्याचा घोडा जरा आखूड काढलाय, आणि लाल रंग मला थोडा..."

तिनं चाचपडत माझा हात धरला.

"बापू, पान कोणतं तेवढं सांग. तू मत दिलंस की तुझ्या काकांना नव्या गंजिफा मागवाव्या लागतात."