बातम्या सांगणाऱ्याची आठी

लेकीकडे अमेरिकेत येऊन मला चार वर्षं झाली. इंग्रजी कळत नाही, म्हणून संध्याकाळी टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या माणसाचं मी नुसतं तोंड बघते. इथल्या एका मोठ्या पुढाऱ्याचा खोटेपणा सांगताना, असं लेक म्हणायची, त्याच्या कपाळावर आठी पडायची. ती बघून मी ठरवून टाकलं, माणूस खरा आहे. माझी लेक सुनंदाही त्याच्यावर विसंबून होती. दुकानात कुणीतरी तिला ‘तुझ्या देशात परत जा’ म्हणालं, त्या दिवशीही ती घरी येऊन त्याचंच ऐकत बसली.

मग तो पुढारी निवडून आला. परवा बातम्या सांगणाऱ्याच्या कपाळावर तीच आठी होती, पण सुनंदाचा घास हातातच राहिला.

“काय म्हणतोय गं?”

“म्हणतोय, पुढारी बोलतो ते सगळंच काही चूक नाही. बाहेरून आलेले लोक फार झालेत.”

“हाच म्हणतोय?”

“हाच. गेल्या आठवड्यात त्या पुढाऱ्याच्या घरी जेवून आलाय.”

आमच्या गावात बाजू बदललेला माणूस चार दिवस तरी दुसऱ्या गल्लीने जायचा. समोर आलाच तर मान खाली घालायचा. हा सरळ डोळ्यांत बघून बोलतो. आठी कुणासाठीही पाडता येते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

सुनंदाने टीव्ही बंद केला.

“आई, आता आपल्या बाजूने कोण बोलणार?”

“आधी जेव,” मी म्हटलं.