गच्चीवरची खाडी

माझ्या लग्नाच्या जेवणावळीला लाकडं कमी पडली म्हणून सासऱ्यांनी खाडीकाठची कांदळाची झाडं तोडली होती. हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे पंगतीत जिलब्या हाणताना मी खाडीचा थोडा काठही गिळला होता. उरलेली झाडं पुढे कौलांच्या भट्टीवाल्यांनी नेली आणि वेंगुर्ल्याजवळचा तो काठ उघडा पडला. दर पावसाळ्यात खाडी सासऱ्यांचा एखाददुसरा माड घेऊन जाऊ लागली. मुळांच्या आडोशाला वाढणारी कोळंबी आणि माशांची पिल्लं गेली, त्यांच्यामागे बगळेही गेले.

असंच चाललं तर घर सोडून सासू-सासऱ्यांना आमच्याकडे बंगळूरला यावं लागणार होतं. राजाजीनगरात आमच्या दोन खोल्या, आणि घरमालकीणबाई अशा, की अंड्याच्या टरफलाचाही वास यायचा त्यांना. सासरे तर मासळीशिवाय जेवणाला जेवणच म्हणत नसत.

"तिथे मी खायचं काय?" ते हिला म्हणाले. "आणि सकाळी उठून बघायचं काय?"

मी गप्प बसायला हवं होतं.

कांदळाच्या लांब शेंगा चिखलात टोचल्या की रुजतात, हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण निम्म्या शेंगा भरतीच वाहून नेते, असं सासरे म्हणाले मात्र, सरकारी कारखान्यात नुकताच इंजिनियर म्हणून लागलेला मी पुढे सरसावलो. "मी बंगळूरला वाढवतो. हातभर झाली की आणून लावू."

जावयाला नाही कोण म्हणणार? मेव्हण्याने निमूट शेंगा ओल्या गोणपाटात बांधल्या. सासूबाईंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. एस.टी.त बसल्यावर ही तेवढी म्हणाली, "तुम्हाला तुळस जगवता आली नाही."

गच्चीवर चिखल भरून तेलाचे डबे मांडले. कारखान्यातून काचेचं मापयंत्र उसनं आणून मी पाणी अगदी समुद्राइतकं खारट करायचो. घरमालकीणबाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कानडी. डबे बघून म्हणाल्या, "अण्णा, उप्पिनकाई घालताय की काय? स्वल्प आम्हालाही द्या हं!"

लोणचं नव्हे, झाडं आहेत, म्हटलं.

"मीठ घालून झाडं? सरी, सरी," म्हणत त्या खाली गेल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं.

शेंगांना पानं फुटली. मी कॉलर ताठ करून हिंडू लागलो. उन्हाने पाणी आटायचं, मी संध्याकाळी आलो की डबे पुन्हा खाऱ्या पाण्याने भरायचो. काही दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मी मिठाचं दुकान बदललं. आणखी करपल्या.

शेवटी ही म्हणाली, "अहो, पाणी उडून जातं, मीठ कुठे जातं? रोज त्यात नवं घालताय! आमची खाडी पावसाळ्यात निम्मी गोडी होते. तिला कुणी मीठ घालायला येत नाही."

"तेच तपासत होतो मी."

"तपासलंत ना? मग सरका."

तिने डब्यांच्या बुडाला भोकं पाडली आणि नळाचं पाणी बादल्यांनी ओतलं. मीठ पन्हळीतून थेट घरमालकीणबाईंच्या मोगऱ्यावर गेलं. ते प्रकरण पुढे वर्षभर चाललं. पण काही झाडांना नवी, तुकतुकीत पानं आली.

शिमग्याला ती घेऊन निघालो. बेळगावपुढे एस.टी.च्या कंडक्टरने विचारलं, "कसली झाडं?"

"कांदळ. तुमच्याकडचीच."

"आमच्याकडची? आणि बंगळूरहून आणताय?" त्याने आधी माझ्याकडे आणि मग हिच्याकडे पाहिलं. हिच्याकडे जरा कणवेने.

खाडीवर पोचलो तर सासऱ्यांनी मधल्या काळात शेंगा टोचून, पुढे काटक्यांचा बांध घालून ठेवला होता. त्यातली जगलेली झाडं थेट आमच्या डब्यांतल्या झाडांएवढी! मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"तुमची जरा शिकलेली दिसतात," ते म्हणाले.

मोकळ्या जागाही पुष्कळ होत्या. तिथे आमची लावली. मी मांडीपर्यंत रुतलो. मेव्हण्याने काखेत हात घालून मला उपटलं, चपला खाडीनेच ठेवून घेतल्या.

पहिल्या पावसाळ्यात एक माड गेलाच. दुसऱ्या पावसाळ्यात कोकणातल्या पावसाची बातमी आली की हिचा घास हातातच राहायचा. दसऱ्याच्या सुमारास मेव्हणा कामासाठी बंगळूरला आला. पाण्याचा तांब्याही न देता हिने विचारलं, "काठ?"

"आहे. माड एकही गेला नाही."

"आणि झाडं?"

"काही गेली. बाकीच्यांनी चिखल धरलाय. भरतीला पिल्लं शिरतात त्यांच्यात. बाबा तिथे कुणाला जाळं टाकू देत नाहीत. बगळ्यांवरही ओरडतात."

"मग इकडे कधी येणार ते?" मी जबाबदार जावयाच्या आवाजात विचारलं.

"त्यांना सवड नाही म्हणाले."

पदराने डोळे पुसत ही हसायलाच लागली. मेव्हण्याला पाणी शेवटी मीच आणून दिलं.