सात देश फिरलेला कोच

लग्नानंतर आम्ही अमेरिकेत, नोव्हायला राहायला आलो. नवरा गाड्यांच्या कंपनीत, मी एका छोट्या फुटबॉल क्लबमध्ये. मॅचचे व्हिडिओ बघून आपण कुठे चुकलो ते कोचला काढून द्यायचं, हे माझं काम.

कोच इटालियन होता. साठी उलटलेला, एका पायाने किंचित लंगडणारा. सात देशांत त्याने संघ सांभाळले होते. एका ठिकाणी कप जिंकला, तर पुढच्या ठिकाणी तिसऱ्याच आठवड्यात नारळ मिळाला. दोन्ही गोष्टी तो एकाच सुरात सांगे. एका जागी बसणं त्याला जमायचं नाही. मी व्हिडिओ लावला की येरझाऱ्या घालत म्हणे, "मागे घे. अजून मागे. चूक गोलच्या आधीच झालीय."

एकदा मी त्याला घरी सोडायला गेले. येऊन सहा महिने झाले होते, तरी हॉलमध्ये खोके तसेच बांधलेले.

"उघडणार कधी?"

"जिंकायला लागलो की."

ते काही झालं नाही. ओळीने पाच मॅच हरल्यावर मालकाने त्याला आत बोलावलं. दहा मिनिटांत तो बाहेर आला आणि माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाला, "शनिवारचा व्हिडिओ आता नव्या माणसाला दाखव."

शुक्रवारी दुपारी मीच त्याला गाडीने एअरपोर्टला सोडायला निघाले होते. तोवर त्याला आखातात नवी नोकरी मिळालीसुद्धा होती.

"तूपण चल," तो अचानक म्हणाला. "तुला नजर आहे."

"कोच, माझा व्हिसा या नोकरीवर आहे. सोडली तर परत येणं अवघड. आणि नवरा इथे आहे."

"माझी बायकोही असंच काहीतरी म्हणाली होती."

"मग?"

"मी गेलो. ती थांबली." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "चूक तिची होती, असं मी सगळ्यांना सांगत आलो."

 

तो हिवाळा मला फार जड गेला. नवा कोच भला माणूस होता, पण माझं कामात लक्ष लागेना. संध्याकाळी हायवेवरून घराकडे वळायची एक्झिट सोडून उगाच दोन एक्झिट पुढे जायचे आणि वळून यायचे. नवरा विचारायचा, "उशीर?" मी म्हणायचे, "ट्रॅफिक."

एप्रिलमध्ये मी दुसऱ्या राज्यातल्या एका क्लबला अर्ज केला. व्हिसा ते बदलून देणार होते. इंटरव्ह्यू झाल्यावरच नवऱ्याला सांगितलं. तो भांडी घासत होता. नळ बंद न करताच त्याने विचारलं, "दोघांनी जायचंय, की तू एकटी?"

"दोघांनी," मी म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले, आणि ते त्याच्या लक्षात आलं.