माझं पाप बहिणीने बदललं

बहिऱ्या मुलाला पाप लागत नाही, असं वसईजवळच्या गिरीज गावातल्या आमच्या घरात सगळ्यांचं पक्कं मत होतं. मी जन्माची बहिरी. पाहुणे आले की आई त्यांना सांगायची, ही म्हणजे देवाघरचं लेकरू आहे. मला हे पुढे कळलं, आणि रागच आला. कारण खोडी काढली की धपाटा मलाही मिळायचा, फक्त तो कशासाठी हे कुणी समजावत बसत नसे. बरं-वाईट मी लोकांचे चेहरे बघून शिकले.

मी नऊ वर्षांची असताना धाकट्या भावाला शाळेत घातलं. त्याला नवी पाटी, नवं दप्तर. मला मात्र कुठेच घातलं नव्हतं. त्या रागात मी कोयता घेतला आणि आमच्या वाडीतल्या विड्याच्या पानांच्या सात वेली बुडाशी कापल्या. दोन दिवसांत वेलींनी माना टाकल्या. वाडीत पाणी लावायला येणाऱ्या बाईची त्याच आठवड्यात आईशी कुरबूर झाली होती, म्हणून वडिलांचा संशय तिच्यावर गेला. त्यांनी तिला कामावरून काढलं. माझ्याशी हातवारे करून गप्पा मारायला वेळ असलेलं गावातलं ते एकच माणूस. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्याच वर्षी चर्चमध्ये आम्हा मुलांच्या पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी सुरू झाली. फादरांनी फळ्यावर एक हृदय काढलं, त्यात डाग काढले, मग स्वतः गुडघे टेकून दाखवले आणि उठून डाग पुसून टाकले. मला तेवढं पुरलं. पण कुमसाराच्या, म्हणजे पापं सांगायच्या दिवशी मला रांगेतून बाजूला काढलं. म्हणे, हिला कसली आलीत पापं! मी फादरांचा झगा धरला तो सोडलाच नाही. शेवटी ठरलं, मी खुणांनी सांगायचं आणि थोरल्या बहिणीने ते फादरांना बोलून दाखवायचं. माझ्या सगळ्या खुणा फक्त तिलाच यायच्या.

मी सगळं सांगितलं. कोयता, वेली, ती बाई, तिचं निघून जाणं. बहीण माझ्याकडे बघत राहिली, मग फादरांकडे वळली. तिचे ओठ मला वाचता यायचे. डब्यातली साखर चोरून खाल्ली, असं ती म्हणाली. फादर हसले. एका बाईची भाकरी घालवल्याचं ऐकून कुणी असं हसत नाही, एवढं मला नक्की कळत होतं. त्यांनी एक बोट वर केलं. नमो मरियाची प्रार्थना एकदा म्हणायची, झालं प्रायश्चित्त.

घरी येऊन मी वडिलांना वेलींपाशी ओढत नेलं आणि स्वतःच्या छातीवर हात आपटून दाखवले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

पुढे मी मुंबईला बहिऱ्यांच्या शाळेत गेले, लिहायला शिकले. तोवर मी स्वतःची समजूत घालत होते की बहिणीला माझ्या खुणा कळल्या नसतील. एका मे महिन्याच्या सुट्टीत सगळं कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं आणि मला ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलली.

"मला तेव्हाच कळलं होतं. फादरांनी तुला बाबांना सांगायला लावलं असतं. मग बाबांना त्या बाईची माफी मागावी लागली असती."

ती बाई कुठे आहे, असं मी खाली लिहिलं. वीटभट्टीवर गेली होती, दोन वर्षांपूर्वी वारली, असं उत्तर मिळालं.

आपण मला आणि बाबांना वाचवलं, असं बहीण आजही मानते. दर रविवारी आम्ही चर्चमध्ये मिस्साला एकाच बाकावर बसतो. मी तिला माफ केलेलं नाही, आणि हे पाप मी फादरांना स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे.