मिणमिणेदादा

मिणमिणेदादा कुणाकडे टक लावून बघत नसत. समोरचा बोलू लागला की ते खिडकीबाहेर नजर लावत आणि नवख्याला वाटे, काय शिष्ट माणूस आहे! आडनाव त्यांचं वेगळंच. हे नाव आम्ही विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, कारण पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात मंद उजेड त्यांच्या टेबलावर असे.

आम्ही अणूंचा इवलासा ढग थंड करायचो, अवकाशाहूनही थंड. तो दिसावा म्हणून त्यावर लेझरचा झोत टाकायचा. फोटो सुरेख येई, पण त्या उजेडानंच अणू तापून उधळत आणि ढग संपे. आम्ही खुशाल नवा ढग करायला घ्यायचो. दादांना ते पटत नसे. अणू फारसा शोषणार नाहीत असा प्रकाश निवडून ते बेतानं टाकत, पुसट फोटोवर समाधान मानत आणि तोच ढग पुन्हा बघत. मी सांगलीची, म्हणून माझ्याशी गावाकडचं बोलत. "थोडं तरी बिघडतंच गं. पर बघाय गेलो आन् घालवून बसलो, आसं नगं."

लग्न केलं नव्हतं. उंब्रजला आई एकट्या. वडील गेल्यावर दादांनी घरात कॅमेरा बसवला आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर आईला बघू लागले. आई दिवसभर ठेवणीतलं लुगडं नेसून, पदर सावरून, भिंतीला न टेकता बसलेल्या दिसत. एका रविवारी मी सांगलीला निघाले होते, तेव्हा दादांबरोबर उंब्रजला उतरले.

"आई, दुपारी जरा पडत का न्हाईस?"

"आरं, तू बघतुयास म्हणल्यावर लोळू कशी? तुला वाटंल, म्हातारी आजारी हाय."

दादांनी स्टूल ओढलं आणि कॅमेरा काढून टाकला.

मग रोज संध्याकाळी एक फोन. गेल्या श्रावणात तो उचलला गेला नाही. शेजारणीनं दार ढकललं, तर आई दुपारीच गेल्या होत्या.

दहाव्याला भावकी तोंडावर बोलली, "कॅमेरा आसता तर कळलं आसतं. येवढं शिकून काय केलंस?" दादांनी नुसती मान डोलावली. मला भावकीपेक्षा दादांचाच राग आला.

एस.टी.ची वाट बघताना मी विचारलंही, आईला मोकळं पडता यावं म्हणून काढला, हे त्यांना का सांगितलं नाहीत?

"खरंच हाय त्यांचं," ते म्हणाले. "कळलं आसतं. वाचलीबी आसती." मग रस्त्याकडे नजर लावून म्हणाले, "पर आडवी झाली हुती गं. जुन्या लुगड्यात, उशाला हात घिऊन. तेवढंच धरून बसलोय."