होमाजवळची बादली

सक्करदऱ्याजवळच्या कापसाच्या गोदामाचं मंगल कार्यालय झालं. लग्न, नाटक, सभा, काहीही व्हायचं; मी लाउडस्पीकर लावायला जायचो. चौकीदार मात्र गोदामाचाच राहिला होता. दारात तो पाहुण्यांच्या काडीपेट्या काढून घ्यायचा. वऱ्हाडी चिडायचे.

"आता कुठं आहे गा कापूस?" मी एकदा विचारलं.

"वरती छपराच्या कवेलूत चिकटून राहिला ना, भाऊ. त्याले काय समजते, खाली लगन हाये म्हून?"

होम पेटला की तो पाण्याची बादली घेऊन भटजीमागे उभा राही.

पुढे त्याच्याच मुलीचं लग्न तिथं लागलं. डोक्याला नवा फेटा, हातात तीच बादली. सप्तपदी झाल्यावर मुलगी पाया पडली. होमातले निखारे अजून लाल होते. आशीर्वादासाठी त्यानं उजवा हात मोकळा केला. बादली डाव्या हातात घेतली, खाली ठेवली नाही.